नाक दाबलं, की तोंड उघडतं?

आक्रमक हुकूमशहाला व्यापारबंदीने वठणीवर आणता येतं का?

२ ऑगस्ट १९९०. पहाटेची वेळ. कुवेत या चिमुकल्या देशातली माणसं साखरझोपेत होती, आणि इराकचे रणगाडे सीमा ओलांडून आत घुसले. काही तासांतच राजधानी पडली. कुवेतचे अमीर शेजारच्या सौदी अरेबियात निघून गेले. इराकचा हुकूमशहा सद्दाम हुसेन याने आठवड्याभरातच जाहीर करून टाकलं, की कुवेत आता इराकचाच भाग आहे!

मित्रांनो, वर्गातल्या एखाद्या दांडगट मुलाने लहान मुलाचा डबा हिसकावून घेतला, तर तुम्ही काय कराल? बाईंना सांगाल. पण देशांच्या वर्गात बाई नसतात. मग दोनच उपाय उरतात. एक म्हणजे सगळ्यांनी मिळून त्या दांडगटाला चोप द्यायचा. देशांच्या भाषेत याला युद्ध म्हणतात, आणि त्यात दोन्ही बाजूंची हजारो माणसं मरतात. दुसरा उपाय तुमच्या चांगल्या ओळखीचा आहे. तो म्हणजे कट्टी! त्याच्याशी कुणी खेळायचं नाही, त्याला काही द्यायचं नाही, त्याच्याकडून काही घ्यायचं नाही.

देशांच्या या कट्टीला 'आर्थिक निर्बंध' असं भारदस्त नाव आहे. त्या देशाचा माल विकत घ्यायचा नाही, त्याला माल विकायचा नाही, कर्ज द्यायचं नाही, परदेशी बँकांत ठेवलेले त्याचे पैसे गोठवून टाकायचे. आपल्याकडे म्हणतातच ना, नाक दाबलं की तोंड उघडतं! एकही गोळी न झाडता शत्रू शरण आला, तर याहून चांगलं काय?

पण खरंच तसं होतं का? चला, इतिहासालाच विचारू या.

तेल सोडून बाकी सगळं!

हा उपाय पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर करून पाहिला गेला तो १९३५ साली. त्या वेळी इटलीत मुसोलिनी नावाचा हुकूमशहा राज्य करत होता. त्याने आफ्रिकेतल्या ॲबिसिनिया या देशावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, ३ ऑक्टोबर १९३५ रोजी हल्ला चढवला. एका बाजूला विमानं, रणगाडे आणि विषारी वायू, तर दुसऱ्या बाजूला जुन्या बंदुका घेतलेले शिपाई. अगदी विषम लढाई.

तेव्हा संयुक्त राष्ट्रसंघ जन्माला आलेला नव्हता. त्याच्या आधीचा 'राष्ट्रसंघ' होता. त्याने इटलीला आक्रमक ठरवलं आणि नोव्हेंबरात निर्बंध सुरू केले. इटलीला शस्त्रं विकायची नाहीत, कर्ज द्यायचं नाही, इटलीचा माल घ्यायचा नाही. यादी मोठी होती. पण एक गोष्ट त्या यादीत नव्हती. कोणती, सांगा पाहू?

तेल!

ज्या तेलावर मुसोलिनीचे ट्रक, रणगाडे आणि विमानं चालत होती, नेमकं तेच मोकळं सोडलं होतं. त्यातून अमेरिका तर राष्ट्रसंघाची सभासदच नव्हती. सुएझचा कालवाही उघडा होता. इटलीची सैन्याने भरलेली जहाजं कालव्याची पट्टी भरून खुशाल आफ्रिकेकडे जात होती. ब्रिटन आणि फ्रान्सला भीती वाटत होती, की फार आवळलं तर मुसोलिनी उठून हिटलरच्या गोटात जाईल.

इटलीत काय झालं, ते तर आणखी मजेशीर. लोक मुसोलिनीवर चिडण्याऐवजी जगावरच चिडले! 'देशासाठी सोनं द्या' अशी हाक देण्यात आली. १८ डिसेंबर १९३५ रोजी इटलीच्या राणीने आपली लग्नातली अंगठी देऊन टाकली. तिच्यामागोमाग हजारो बायकांनी आपापल्या अंगठ्या दिल्या. बाहेरच्यांनी कोंडी केली, की घरातली भांडणं विसरून माणसं एक होतात. हुकूमशहाला हेच हवं असतं.

मे १९३६ मध्ये ॲबिसिनियाची राजधानी अदिस अबाबा पडली. सम्राट हैले सेलासी यांनी जूनअखेर जिनिव्हाला राष्ट्रसंघापुढे उभं राहून मदतीची याचना केली. पण जुलैत राष्ट्रसंघाने निर्बंधच मागे घेतले! पुढे मुसोलिनीने हिटलरजवळ कबुली दिली, की तेल बंद केलं असतं तर मला आठवड्याभरात माघार घ्यावी लागली असती. हिटलरच्या दुभाष्याने हे नोंदवून ठेवलं आहे.

इराकची कोंडी

आता पुन्हा १९९० सालात येऊ. या वेळी जगाने जुनी चूक केली नाही. हल्ल्यानंतर चारच दिवसांनी, ६ ऑगस्टला, संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीने ठराव क्रमांक ६६१ मंजूर केला. इराकशी सगळा व्यापार बंद. औषधं, आणि अगदीच निकड असेल तर अन्न, एवढीच सूट. तेलसुद्धा बंद!

इराकला परदेशी चलन मिळत होतं ते जवळजवळ सगळं तेल विकूनच. ते तेल दोन मोठ्या नळांतून तुर्कस्तानात आणि सौदी अरेबियात जायचं. दोन्ही नळ बंद झाले. समुद्रावर युद्धनौकांचा पहारा बसला. डिसेंबरपर्यंत इराकची नव्वद टक्क्यांहून अधिक आयात आणि जवळजवळ सगळी निर्यात थांबली होती. इतकी कडक नाकेबंदी तोवर क्वचितच झाली होती.

या कोंडीची झळ आपल्यालाही लागली. कुवेतमध्ये दीड लाखाहून अधिक भारतीय नोकरीधंद्यासाठी राहत होते. त्यांच्या घरी चूल कशी पेटायची? भारत सरकारने राष्ट्रसंघाची खास परवानगी मिळवली आणि 'विश्वसिद्धी' हे जहाज धान्य घेऊन तिकडे गेलं. नंतर यातल्या एक लाखाहून अधिक माणसांना, बहुतेकांना जॉर्डनमधल्या अम्मान शहरातून, विमानांनी मायदेशी आणण्यात आलं. तुमच्या आईबाबांना ते दिवस आठवत असतील. पेट्रोल महागलं होतं, आणि रोज वर्तमानपत्रात मथळा असायचा तो आखाताचाच.

मग सद्दामचं तोंड उघडलं का? नाही. तो कुवेतमधून हलला नाही. आणखी वर्षभर वाट पाहावी, निर्बंध आपलं काम करतील, असं अमेरिकेतही पुष्कळांना वाटत होतं. तिथल्या सिनेटमध्ये युद्धाच्या बाजूने ५२ आणि विरुद्ध ४७ मतं पडली, इतका तो प्रश्न चुरशीचा होता. १७ जानेवारी १९९१ रोजी बॉम्बहल्ले सुरू झाले आणि फेब्रुवारीअखेर कुवेत मोकळा झाला. कुवेत सुटला तो सैन्याने, कट्टीने नव्हे.

रेशनकार्ड कुणाच्या हाती?

युद्ध संपलं, पण निर्बंध उठले नाहीत. आता मागणी वेगळी होती. इराकने आपली रासायनिक आणि जैविक अस्त्रं नष्ट केल्याची, आणि अण्वस्त्रं करत नसल्याची खात्री पटवून द्यावी, मगच व्यापार सुरू होईल. बघता बघता बारा वर्षं गेली. म्हणजे १९९० साली पहिलीत असलेलं बगदादमधलं मूल शाळा संपवून बाहेर पडलं, तरी निर्बंध होतेच!

ही बारा वर्षं कशी गेली असतील? १९९० पूर्वी इराकचा एक दिनार म्हणजे तीन डॉलरच्या आसपास होता. १९९५ साल संपताना एका डॉलरला दोन हजारांहून अधिक दिनार मोजावे लागत. शिक्षकाचा महिन्याचा पगार दोन-चार डॉलरवर आला. शिक्षक नोकरी सोडून टॅक्सी चालवू लागले. बगदादमध्ये मुतनब्बी रस्ता नावाचा पुस्तकांचा प्रसिद्ध बाजार आहे. तिथे शिकलेल्या घरांतली माणसं दर शुक्रवारी घरातली पुस्तकं विकायला मांडू लागली. आजोबांनी जमवलेला ग्रंथसंग्रह जायचा, आणि घरात पीठ-मीठ यायचं.

पाण्याचीही तीच गत. पाणी शुद्ध करायला क्लोरीन लागतो. पण क्लोरीनपासून विषारी वायूही करता येतो. मग तो येऊ द्यायचा की नाही? अशा दुहेरी उपयोगाच्या वस्तूंवर समितीत घोळ चालायचा, आणि इकडे गढूळ पाण्याने पोरं आजारी पडायची.

आता तुम्ही म्हणाल, लोकांनी सद्दामला हाकलून का नाही दिलं? तीच तर खरी गोम आहे. देशात धान्य कमी पडलं, की ते वाटतो कोण? सरकार! इराकने सप्टेंबर १९९० पासूनच रेशन सुरू केलं होतं. पीठ, तांदूळ, साखर, चहा, तेल सगळं कार्डावर. ज्याच्या हाती कार्ड, त्याच्या हाती माणसाचं पोट. विरोधात बोललं तर तुरुंग आहेच, पण घरातला शिधाही जायचा. ज्या हुकूमशहाला कमजोर करायचं, त्याच्यावरच लोक जास्त अवलंबून राहिले. आणि त्याला स्वतःला काय कमी पडलं? चोरट्या मार्गाने तेल बाहेर जातच होतं, आणि सद्दामचे नवे राजवाडे उभे राहतच होते.

यावर तोडगा म्हणून १९९६ च्या अखेरीस 'अन्नासाठी तेल' ही योजना सुरू झाली. इराकने तेल विकावं, पैसे राष्ट्रसंघाच्या खात्यात जावेत, आणि त्यातून अन्न-औषधं घ्यावीत. २००३ पर्यंत यात सुमारे ६४ अब्ज डॉलरचं तेल विकलं गेलं. लोकांच्या ताटात थोडं अधिक आलं खरं. पण इथेही लबाडी! तेल घेणाऱ्या आणि माल देणाऱ्या कंपन्यांकडून सद्दामच्या सरकारने गुपचूप सुमारे १.८ अब्ज डॉलर उकळले, असं २००५ च्या चौकशीत बाहेर आलं. चोरट्या व्यापाराची कमाई तर त्याहून कितीतरी मोठी होती.

ही योजना पाहणारे राष्ट्रसंघाचे अधिकारी डेनिस हॅलिडे यांनी १९९८ मध्ये राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेले हान्स फॉन स्पोनेक यांनीही २००० मध्ये तेच केलं. एका माणसाला शिक्षा करण्यासाठी सगळ्या देशाला उपाशी ठेवणं त्यांना पटेना.

एका आकड्याची गोष्ट

इथे एक सावधगिरीचा धडाही आहे. १९९९ मध्ये एक पाहणी झाली. तिच्यावरून जगभर बोललं जाऊ लागलं, की निर्बंधांमुळे इराकमधली पाच लाख मुलं दगावली. केवढा भयंकर आकडा! पण २००३ नंतर नव्याने पाहण्या झाल्या, तेव्हा बालमृत्यूंत तशी प्रचंड वाढ दिसलीच नाही. २०१७ साली लंडनच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की त्या जुन्या पाहणीच्या माहितीत सद्दामच्या सरकारनेच फेरफार केले होते.

मग मुलांचे हाल झाले नाहीत का? झाले. कुपोषण होतं, आजार होते, शाळा मोडकळीस आल्या होत्या. पण हुकूमशहाने लोकांच्या दुःखाचंही हत्यार केलं, हे विसरून चालणार नाही. म्हणून कुठलाही आकडा वाचला की विचारावं, हा मोजला कुणी?

बारा वर्षांनी हाती काय आलं?

मार्च २००३ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनने इराकवर हल्ला केला. कारण सांगितलं ते असं, की सद्दामने घातक अस्त्रं लपवून ठेवली आहेत. सद्दामची सत्ता गेली, मे महिन्यात निर्बंध उठले, आणि शोध सुरू झाला. पण अस्त्रांचे साठे सापडलेच नाहीत!

याचा अर्थ काय? निर्बंध आणि राष्ट्रसंघाच्या निरीक्षकांची तपासणी, या दोन्हींनी मिळून सद्दामचे हात बांधून ठेवले होते. त्याला मोठं सैन्य पुन्हा उभारता आलं नाही, अस्त्रं करता आली नाहीत. म्हणजे तेवढ्यापुरता उपाय लागू पडला होता. पण सद्दामचं मन वळलं नाही, आणि त्याची गादीही हलली नाही. हात बांधणं वेगळं, मन वळवणं वेगळं.

क्रिकेटचं मैदानही बंद

मग ही कट्टी कुठे फळली की नाही? फळली. त्यासाठी दक्षिण आफ्रिकेत जाऊ या.

तिथे मूठभर गोऱ्यांचं राज्य होतं. काळ्या लोकांना मत नव्हतं, गोऱ्यांच्या वस्तीत राहायला बंदी होती, शाळा वेगळ्या, बाकडीसुद्धा वेगळी. या वर्णभेदाबरोबरच शेजाऱ्यांवरही दांडगाई चालायची. नामिबिया त्यांनी बळकावून ठेवला होता आणि अंगोलात सैन्य घुसवलं होतं. भारतीय वंशाच्या लोकांनाही तिथे अपमान सोसावा लागे. म्हणून भारताने स्वातंत्र्य मिळण्याच्याही आधी, १९४६ साली, दक्षिण आफ्रिकेशी व्यापार बंद केला. असं करणारा आपला देश पहिला!

पुढे एकेक देश सामील होत गेला. १९७७ मध्ये राष्ट्रसंघाने शस्त्रविक्रीवर बंदी घातली. १९८५ मध्ये अमेरिकी बँकांनी कर्जाची मुदत वाढवायला नकार दिला, तेव्हा तिथल्या उद्योगपतींचे धाबे दणाणले. तेल मिळेना, म्हणून कोळशापासून पेट्रोल करण्यावर अफाट खर्च करावा लागला.

आणि खेळ? १९७४ साली टेनिसच्या डेव्हिस चषकाच्या अंतिम सामन्यात भारतासमोर दक्षिण आफ्रिकाच होती. भारताने खेळायला नकार दिला. हाताशी आलेला चषक सोडून दिला! क्रिकेटमध्येही १९७० पासून त्यांच्याशी कसोटी सामने बंद झाले. ते परत आले १९९१ च्या नोव्हेंबरात, आणि परतीचा पहिला सामना खेळले आपल्या कलकत्त्याच्या ईडन गार्डनवर.

तोवर नेल्सन मंडेला तुरुंगातून सुटले होते. मार्च १९९२ मध्ये गोऱ्या मतदारांनाच विचारण्यात आलं, की वर्णभेद संपवायची बोलणी पुढे चालू ठेवायची का? 'नाही' म्हटलं, तर जगाची दारं पुन्हा बंद होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. जवळजवळ ६९ टक्क्यांनी 'हो' म्हटलं. एप्रिल १९९४ मध्ये सगळ्यांनी मिळून मतदान केलं आणि मंडेला अध्यक्ष झाले.

इथे का जमलं आणि इराकमध्ये का नाही? नीट बघा. दक्षिण आफ्रिकेत कट्टीची झळ ज्यांना बसली, त्या गोऱ्या व्यापाऱ्यांच्या आणि मतदारांच्या हातीच सरकार बदलणं होतं. इराकमध्ये झळ बसली ती ज्यांच्या हाती काहीच नव्हतं त्यांना. शिवाय दक्षिण आफ्रिकेतले काळे लोक स्वतः रस्त्यावर उतरून लढत होते, तुरुंगात जात होते. बाहेरच्या कट्टीने त्यांच्या लढ्याला जोर दिला, पण लढा त्यांचाच होता. आणि वेळ? १९४६ ते १९९४. मोजा बरं किती वर्षं झाली ती!

फुटक्या हंड्याची गोष्ट

आता अगदी अलीकडचं उदाहरण. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर मोठा हल्ला चढवला. अमेरिका, युरोप आणि त्यांच्या मित्रदेशांनी रशियाची सुमारे ३०० अब्ज डॉलरची गंगाजळी गोठवली. बँका तोडल्या, यंत्रं आणि संगणकाच्या चिप देणं बंद केलं. रूबल कोसळला, पण काही महिन्यांत सावरलाही. रशियाकडे विकायला तेल होतं, आणि घेणारेही होते. चीनने घेतलं, आपणही घेतलं. युद्धाआधी भारताच्या तेलआयातीत रशियाचा वाटा अगदी किरकोळ होता. २०२३ मध्ये तो एक तृतीयांशाहून मोठा झाला. स्वस्त तेल आपल्या लोकांना मिळायला हवं, असं भारताचं म्हणणं होतं. शिवाय हे निर्बंध राष्ट्रसंघाचे नव्हतेच. सुरक्षा समितीत रशियाला नकाराधिकार आहे, मग स्वतःविरुद्धचा ठराव तो कसा होऊ देईल?

रशियाला सगळं महाग पडलं, चिप तिसऱ्या देशांतून फिरवून आणाव्या लागल्या. पण तीन वर्षांनंतर, फेब्रुवारी २०२५ मध्येही, तोफा धडाडतच होत्या. हंड्याला भोकं असली, की कितीही पाणी ओता, भरायला वेळ लागतोच.

मग, तोंड उघडतं का?

इतिहासाचं उत्तर साधारण असं आहे. आक्रमक हुकूमशहाने केवळ निर्बंधांना घाबरून बळकावलेला प्रदेश सोडला, असं फार क्वचित घडतं. त्याला निवडणूक लढवायची नसते, आणि भूक दुसऱ्यालाच लागलेली असते. पण निर्बंध अगदीच निरुपयोगीही नाहीत. शस्त्रं करणं अवघड होतं, पैसा आटतो, पुढचा हल्ला करण्याआधी चार वेळा विचार करावा लागतो. हा उपाय लागू पडण्याची शक्यता वाढते ती केव्हा? जवळजवळ सगळे देश सामील असले तर, जिथे खरं दुखतं तिथेच दाबलं तर, मागणी स्पष्ट असली तर, आणि ती पूर्ण केली की कट्टीची बट्टी होईल याची खात्री असली तर.

इराकच्या अनुभवानंतर जगाने एक गोष्ट शिकायचा प्रयत्न केला. सगळ्या देशाचं नाक दाबण्याऐवजी राज्यकर्त्यांचीच खाती गोठवायची, त्यांच्याच परदेशवाऱ्या बंद करायच्या, शस्त्रंच रोखायची. हे सोपं नाही. पण निदान शिक्षा गुन्हेगाराच्या जवळपास तरी जाते.

म्हणून मित्रांनो, 'अमुक देशावर निर्बंध' असा मथळा पुढच्या वेळी वाचाल, तेव्हा दोन प्रश्न विचारा. नाक कुणाचं दाबलं जातंय? आणि तोंड कुणाचं उघडायला हवंय? दोन्ही एकाच माणसाची असतील, तर आशेला जागा आहे.

घरी बसून बोला

१. १९३५ मध्ये तुम्ही राष्ट्रसंघात असता, तर तेल बंद करायला मत दिलं असतं का? मुसोलिनी हिटलरला जाऊन मिळाला असता तर?

२. पाणी शुद्ध करायचा क्लोरीन इराकला द्यावा की नाही? एकाने 'द्यावा' अशी बाजू घ्या, दुसऱ्याने 'देऊ नये' अशी. मग बाजू बदला.

३. डेव्हिस चषक सोडून देणं तुम्हाला पटतं का? आईबाबांना आणि आजी-आजोबांनाही विचारा. सगळ्यांचं उत्तर एकच येतं का, ते बघा.